साठ अंशांचा त्रिकोण

सातवीच्या वर्गात ४२ मुलं, चालू स्थितीतले संगणक ११ आणि तास ३५ मिनिटांचा. सगळी मशीन एकदम लावली की एमसीबी पडतो, म्हणून एकेक करून सुरू करायची. त्यात सहा-सात मिनिटं जातात. स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची मांजर चालवायचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, आधीच ऑफलाइन टाकून ठेवायचं. नेटच्या भरवशावर राहिलं की तो तास गेलाच. एका संगणकापाशी तीन-चार जण: एकाच्या हातात माउस, एक जण कुठला ठोकळा लावायचा ते सांगणार, बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबायच्या आधी ‘आता काय होईल’ ते वहीत लिहिणार. दर सात मिनिटांनी जागा बदलायच्या. वहीत लिहिणं वगळलं तर मुलं नुसती क्लिक करत बसतात.

त्या दिवशी चौरस झाला. मांजर चालताना रेघ काढणारे पेनचे ठोकळे आपोआप दिसत नाहीत, डावीकडे तळाच्या बटणातून जोडावे लागतात. मग ‘पेन खाली’, आणि चार वेळा ‘१०० पावलं चाल, ९० अंश उजवीकडे वळ’. अकराही पडद्यांवर चौरस आला. अहवालाला एवढं पुरतं, आणि बहुतेक शाळांत गाडी इथेच थांबते. फळ्यावरून उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅमला कोडिंग म्हणणं ही मुलांची फसवणूक आहे. म्हणून सांगितलं, आता समभुज त्रिकोण काढा.

नऊ गटांनी चारचे तीन केले आणि ९० चे ६०. त्रिकोणाचा कोन ६० अंश, हे सगळ्यांना पाठ. मांजर तीन बाजू चालली आणि आकृती उघडीच राहिली. दारात उभे असलेले गणिताचे सर म्हणाले, “कोन साठच असतो, सॉफ्टवेअरमध्ये गडबड असेल.” कोन साठच असतो, खरं आहे. पण मांजर आतला कोन मोजत नाही. सरळ चालली असती त्या दिशेपासून तिला किती फिरवायचं, ते आपण सांगत असतो: १८० वजा ६०, म्हणजे १२०. चौरसात आतला आणि बाहेरचा दोन्ही ९०, म्हणून ही चूक तिथे लपून राहते. चौरस शिकवून थांबणाऱ्याला ती कधी कळतच नाही.

खिडकीजवळच्या गटातल्या मुलीने झेंडा पुन्हा दाबला. ‘सगळं पुसा’ हा ठोकळा सुरुवातीला लावलेला नव्हता, त्यामुळे जुन्या रेघा तशाच होत्या. तीन वेळा ६० वळून मांजराचं तोंड उलट झालं होतं; थांबली होती तिथूनच ती पुढे चालली आणि पडद्यावर षटकोन पुरा झाला. बाकीच्यांना वाटलं, आणखी बिघडलं. ही उठली आणि फरशीवर पावलं टाकत स्वतःभोवती फिरून आली. मग म्हणाली, “बाई, सहा वेळा साठ म्हणजे पूर्ण फेरी. तीनच वेळा वळायचं तर एकशे वीस लागतील.”

आठवड्यापूर्वीच्या बैठकीत एक सूचना आली होती: संगणक कमी आहेत, तर प्रोग्रॅमिंग शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांनाच शिकवू. त्या यादीत हिचं नाव नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय, पण शाळेत ते कुणाच्या वाट्याला येतं हे अशाच बैठकीत ठरतं. कोणत्या मुलाला हे जमेल, ते आधी ओळखणारी परीक्षा माझ्याकडे नाही आणि बैठकीतल्या कुणाकडेही नव्हती. शिकवायचं तर सगळ्यांना, आणि संगणकाच्या तासाइतकंच गणिताच्या तासालाही.

त्रिकोणानंतर तिने पंचकोन काढला: ३६० भागिले ५, म्हणजे ७२. मग सात बाजूंचा मागितला. १०० पावलांची बाजू पडद्याच्या खाली गेली असती, म्हणून ६० घ्यायला सांगितली. वहीत तिने ३६० ला ७ ने भागलं, ५१ आले, तेच टाकले. आकृती जवळजवळ मिटली. सुरुवात आणि शेवट यांच्यात तीन-चार पावलांची फट राहिली. घंटा झाली, मुलं उठली. ती वहीतल्या भागाकाराखालच्या तीनवर बोट ठेवून पडद्याकडे बघत होती.

“बाई, ही बाकीच उरलीय ना तिथे?”