अंदमानचं पाणी भर दुपारी रंगवावं

स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे बहुतेकांच्या तोंडी अजूनही असलेली हॅवलॉक आणि नील, ही दोन बेटं तैलरंगांत रंगवण्यासाठी फेब्रुवारीत जाऊन आलो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. पहिली गोष्ट वेळेची, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

निसर्गचित्र करणाऱ्याला सुरुवातीपासून सांगितलेलं असतं की सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात बसा, भर दुपारी पेटी मिटून ठेवा. डोंगर, घरं, झाडं यांच्यासाठी ते अगदी बरोबर आहे. पण ज्या निळ्या-हिरव्या पाण्यासाठी आपण एवढ्या लांब जातो, ते सकाळी सहाला दिसतच नाही. सूर्य खाली असला की त्याचा उजेड पाण्यावरून बराचसा परावर्तित होतो आणि समोर दिसतं ते आकाशाचं प्रतिबिंब. सूर्य डोक्यावर आला की तोच उजेड पाण्यात शिरतो, तळाच्या पांढऱ्या प्रवाळी वाळूवर आपटून परत वर येतो. येता-जाता पाणी त्यातला तांबडा भाग शोषून घेतं, म्हणून गुडघाभर पाणी फिकट हिरवट, पुरुषभर पाणी फिरोजी आणि त्यापुढे गडद निळं. हे पट्टे खरं तर खोलीचा नकाशा आहेत. ते एकदा नीट समजलं की चित्रात पट्टा कुठे वळवायचा याचा अंदाज करावा लागत नाही.

त्यात अंदमानचं घड्याळ वेगळं. बेटं 92-93 रेखांशावर आणि घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ मात्र 82.5 रेखांशाची, त्यामुळे फेब्रुवारीत खरा मध्यान्ह साडेअकराच्या आसपास होतो आणि साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. पाण्याचा रंग हवा असेल तर साडेनऊ ते दीड ही वेळ धरा. सकाळ-संध्याकाळ आकाशासाठी ठेवा. संधिप्रकाश फार थोडा टिकतो, त्यामुळे सूर्यास्ताला मोठा फलक मांडू नका. छोट्या फलकावर रंगांचे चार-पाच ठिपके खरे लागले तरी नंतर मुक्कामाच्या खोलीवर काम करायला पुरतात.

दुसरी गोष्ट, सूर्य पाठीशी हवा. हॅवलॉकवरच्या राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सगळे तिथे सूर्यास्ताला जातात. रंगवायला मी सकाळी दहाला गेलो. मागच्या उंच समुद्री मोहाच्या झाडांवरून ऊन समोरच्या पाण्यावर पडतं, चकाकी नसते, गर्दीही नसते. पूर्वेकडचं कालापत्थर याच्या उलट: तिथे मध्यान्हानंतर बसावं. काळे खडक आणि त्यांना लागून उजळ पाणी असल्यामुळे टोनचा, म्हणजे गडद-उजळ छटांचा, अभ्यास करायला मला तरी सगळ्या बेटात ही जागा सर्वांत चांगली वाटली. आणि शक्य असेल तिथे थोडं उंचावर बसा. पुळणीवर बसलं की दूरच्या पाण्याकडे नजर अगदी तिरपी जाते आणि तिथे पुन्हा आकाशच दिसतं. दोन-तीन मीटर वर गेलं तरी पट्टे उघडतात.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण वेळापत्रक आधी काढून ठेवा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि उधाणाला पाणी सुमारे 2 मीटर चढतं-उतरतं. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर पाणी उतरलं की फिरोजी पट्ट्याच्या जागी तपकिरी प्रवाळ उघडा पडतो. तोही विषय सुंदर आहे, पण आदल्या दिवशीचं चित्र त्याच्यावर पुरं करता येत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत फरक कमी असतो, एकच चित्र दोन दिवस चालवायचं असेल तर ते दिवस निवडा. लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी पुलाकडे मात्र ओहोटीलाच जाता येतं, आणि इझल (फलक उभा करायची घोडी) लावण्याआधी परतीची वेळ बघून ठेवा.

आता रंग. तयार फिरोजी रंगाची ट्यूब मी नेली नव्हती आणि तुम्हीही नेऊ नका असं आग्रहाने सांगेन. ती सगळ्या पाण्याला एकच रंग देते. थॅलो ग्रीन, थॅलो ब्लू, कोबाल्ट ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्विनॅक्रिडोन रोझ आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यात सगळं होतं. थॅलो हिंगासारखे वापरा, पांढऱ्यात कणभर. उथळ पाण्यासाठी थॅलो ग्रीन, भरपूर पांढरा आणि लेमनचा स्पर्श. खोल पाण्यासाठी थॅलो ब्लू आणि ते भडकू नये म्हणून थोडा सिएना. पाणी चमकतं ते शेजारच्या करड्यामुळे. सावलीतला फेस उन्हातल्या वाळूपेक्षा गडद असतो, ओली वाळू आकाशाचा रंग घेते, वाळूवरची सावली जांभळट निळी असते. या तीन ठिकाणी शुद्ध पांढरा आवरला की फिरोजी आपोआप पेटतो. माडाचा हिरवाही असाच फसवा: झावळीची वरची बाजू आकाशामुळे जवळजवळ राखाडी, आणि मागून ऊन लागलेली झावळी आतून पिवळी.

उष्ण प्रदेशातली बेटं तैलरंगांत रंगवणाऱ्यांत विल्यम हॉजेसचं नाव आधी येतं. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत, 1772 ते 1775, तो जहाजावर चित्रकार होता. पुढे 1780 मध्ये तो भारतातही आला. त्याची ताहितीची चित्रं ग्रीनिचच्या संग्रहालयात आहेत. त्यांची छायाचित्रं निघण्यापूर्वी जरूर बघा, दमट हवेतला उजेड त्याने किती प्रामाणिकपणे पकडलाय ते कळेल.

सामानाबद्दल. टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही. साधारण 35 अंशांना त्याची वाफ पेट घेऊ शकते. तैलरंगाच्या ट्यूबमधलं जवसाचं तेल त्या मानाने अगदी सुरक्षित, पण कंपनीचा सुरक्षा-तपशील छापून पेटीत ठेवा आणि विचारलं तर ‘वनस्पती तेलातले चित्रकलेचे रंग’ असं सांगा. पॅलेट-नाईफ, म्हणजे रंग कालवायची सुरी, चेक-इनमध्ये. मी पूर्ण काम टर्पेंटाइनशिवाय केलं: ब्रश करडईच्या तेलात धुवायचे, फडक्याने पुसायचे, रात्री साबण. खाण्याचं करडई तेल धुण्यापुरतं चालतं, रंगात मिसळू नका.

छत्री करड्या किंवा काळ्या कापडाची हवी. रंगीत छत्री आपला रंग फलकावर टाकते, आणि पांढरा शर्टही ओल्या रंगावर चमकतो. फलक आणि पॅलेट दोन्ही सावलीत ठेवा, नाहीतर उन्हात बरोबर वाटलेलं चित्र खोलीत काळवंडलेलं निघतं. इझलला पिशवी टांगा, वारा दुपारी वाढतो. माडाखाली बसू नका, नारळ पडतात. मगरींच्या सूचनांचे फलक जिथे आहेत तिथे पाण्याच्या कडेला इझल लावायचा नाही, दृश्य कितीही चांगलं असलं तरी. पुळणीवरच्या बारीक माश्या फार चावतात, पाय झाकून बसा. प्रवाळाचा तुकडा अभ्यासासाठीसुद्धा उचलायचा नाही, कायद्याने बंदी आहे.

तेलाची फडकी गोळा करून पिशवीत कोंबू नका. जवसाचं तेल हवेशी संयोग पावून सुकतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि कोंडलेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

ओले फलक आणण्यासाठी खाचांची पेटी उत्तम. ती नसेल तर दोन सारख्या मापाचे फलक समोरासमोर ठेवून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घाला आणि बाहेरून पट्टी बांधा. टायटॅनियम व्हाइटचे जाड थर आठवडा उलटला तरी मऊ असतात, म्हणून शेवटच्या दिवसांत पातळ रंगवा आणि फेसाचे जाड फटकारे घरी येऊन मारा. परतीच्या बोटीत ही पेटी सामानाच्या ढिगात देऊ नका, मांडीवर घेऊन बसा.