आरशावर गिरवलेला चेहरा

तिसरीतल्या मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं की बहुतेक जण डोळे थेट कपाळावर नेऊन ठेवतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे येतात जवळजवळ मध्यावर. पण नुसतं सांगून मुलांना ते पटत नाही. म्हणून आठवडी बाजारातून वहीएवढे २८ आरसे आणले, आणि पुसता येणारे मार्कर.

आरसा पुस्तकांच्या थप्पीला टेकवायचा, मान स्थिर ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि समोर दिसणारा चेहरा काचेवरच गिरवायचा. दोन्ही डोळे उघडे असले तर प्रत्येक डोळ्याला चेहरा काचेवर वेगळ्या जागी दिसतो, रेघ कुठे ओढायची तेच कळत नाही. गिरवून झालं की पट्टीने मोजामोजी सुरू होते. "बाई, एवढंसंच तोंड?" आरसा जवळ घ्या नाहीतर लांब, काचेवरचा चेहरा खऱ्याच्या निम्माच भरतो. आपण काचेपुढे जितके लांब, तितकंच प्रतिबिंब काचेमागे, आणि काच बरोबर मधोमध. मला हा भाग फार आवडतो. चित्रकलेच्या तासाला मुलं आपणहून गणितात शिरतात.

मग म्हटलं, "आता मिटलेला डोळा उघडा आणि दुसरा मिटा." वर्गात एकच गिल्ला, "सरकलं! सरकलं!" रेघ जागेवर, चेहरा बाजूला.

खिडकीजवळची एक मुलगी मात्र गप्प बसली होती. जवळ गेले. उजवा डोळा घट्ट मिटून ती आरशाकडे बघत होती.

"तुझा चेहरा सरकला का गं?"

"नाही बाई. पुसून गेला."

आधी वाटलं, मार्कर पुसला गेला. पण काचेवर रेघा स्पष्ट होत्या. तिने मान वर करून विचारलं, "हा डोळा असाच असतो ना सगळ्यांचा?"

माझ्या पोटात गोळा आला. भिंतीवरची बाराखडी वाचायला सांगितली. डावा डोळा मिटून तिने खडाखडा वाचली. उजवा मिटल्यावर पहिलं मोठं अक्षरही लागेना. वाचन उत्तम, अक्षर सुरेख, मग शंका यावी कशी? मैदानात तिच्या हातून चेंडू सुटायचा, तो का सुटत होता हे त्या क्षणी उलगडलं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या आईबरोबर मी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. आळशी डोळा. डाव्या डोळ्याचा नंबर मोठा, उजव्याचा नाहीच. म्हणून मेंदूने डाव्याकडून येणारं धूसर चित्र घेणंच सोडून दिलेलं. डॉक्टर म्हणाले, पाचव्या वर्षी आला असतात तर काम सोपं होतं, पण आठवं वर्षही हातातून गेलेलं नाही. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. आई एवढंच म्हणाली, "कधी बोलली नाही हो ती." बोलणार कशी? तिच्या लेखी सगळ्या जगाचे डोळे तसेच होते. शाळेत डोळे तपासताना एकेक डोळा हाताने नीट झाकून तपासा, असं मी आता भेटेल त्या शिक्षकाला हात जोडून सांगते.

पट्टीचे दोन तास तिने माझ्याच वर्गात काढले. दिवाळीनंतर पुन्हा स्वतःचं चित्र घेतलं. तिने चित्रात चष्मा रेखाटला, पट्टीही रेखाटली, काळजीपूर्वक. शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "चुकलीस. पट्टी उजव्या डोळ्यावर आहे, चित्रातल्या मुलीच्या डाव्या डोळ्यावर आलीय."

ती काही बोलली नाही. चित्र उचललं, आरशाशेजारी धरलं आणि त्याला मागून आपल्या खांद्यावरून बघायला लावलं.