पिचरचे खडीचे डोंगर

मागच्या महिन्यात धाकटीची एक वर्षाची तपासणी होती, इथे अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या टल्सामध्ये. रक्तात शिसं आहे का ते बघायला बोटाला सुई टोचतात ना, त्याच्या आधी नर्सने नेहमीचे प्रश्न विचारले, घर किती जुनं आहे, बाळाला काजळ लावता का, हळद इंडियातून आणता का. आपल्या लोकांना हे इथे विचारतातच. पण मग ती म्हणाली, ड्राइव्हवेवर खडी आहे का आणि ती कुठून आणलीये? मला काही कळेना. म्हणाली, मी पिचरच्या बाजूची आहे, म्हणून विचारते.

पिचर म्हणजे ओक्लाहोमातलंच शिसं-जस्ताच्या खाणींचं जुनं गाव. घरी येऊन त्याच्याबद्दल वाचत बसले आणि शनिवारी राहवेना म्हणून आम्ही दोघं गाडी काढून गेलोच, मुलींना मैत्रिणीकडे सोडून. दीड तासाचा रस्ता. गाव असं आता नाहीच, फुटपाथ आहेत पण त्यांच्यापुढे घरं नाहीत, आणि मागे करड्या खडीचे डोंगर. शिसं आणि जस्त काढून उरलेली ही खडी, तिकडे तिला चॅट म्हणतात, काही ढीग एके काळी 60 मीटरपर्यंत उंच होते. त्या दिवशी वारा होता (ओक्लाहोमात कधी नसतो?) आणि एका डोंगराच्या माथ्यावरून पिठाची चाळण झटकावी तसा धुरळा उठत होता. नवऱ्याने न बोलता काचा वर केल्या.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने वापरलेल्या शिशा-जस्तातलं निम्म्याहून जास्त या पट्ट्यातून गेलं म्हणतात. 1926 मध्ये गावात 14 हजारांवर माणसं होती. जमीन क्वापॉ या नेटिव्ह अमेरिकन जमातीच्या लोकांची, पण त्यातल्या कितीतरी मालकांना सरकारने ‘व्यवहाराला अक्षम’ ठरवून त्यांच्या वतीने खाणींचे करार केले. 1970 च्या सुमाराला सगळं बंद झालं, कंपन्या गेल्या, ढीग तिथेच.

आणि लोक त्या ढिगांसोबत राहत होते हो. पोरं त्यावरून घसरायची, अंगणात खेळायच्या वाळूच्या जागी हीच खडी, ड्राइव्हवेवर हीच. हे वाचताना मला आमच्या शेजारच्या बांधकामावरचा वाळूचा ढीग आठवला, त्यात शंखशिंपले शोधत आम्ही अंधार पडेपर्यंत बसायचो, आई हाका मारून दमायची आणि आम्ही फ्रॉकच्या खिशात वाळू घेऊन घरी. कुठल्याही लेकराला ढीग दिसला की ते चढणारच, त्यात पिचरच्या आयांचं काय चुकलं?

1994 मध्ये तिथल्या नेटिव्ह अमेरिकन मुलांचं रक्त तपासलं तेव्हा जवळपास तिघांतल्या एकाच्या रक्तात शिसं जास्त निघालं. म्हणजे खाणी बंद होऊन वीस-पंचवीस वर्षांनी, ज्यांनी कधी चालू खाण बघितलीही नाही त्या मुलांच्या.

मला सगळ्यात जास्त लागलं ते धुळीचं. हातात येते ती जाड खडी त्यामानाने बरी, शिसं आणि कॅडमियम (तोही विषारी धातूच) जास्त असतं ते अगदी बारीक कणांत, आणि वाऱ्याने उडून छातीत जातात ते तेच, खिडकीच्या चौकटीवर आणि रांगत्या बाळाच्या तळहातावर बसतात तेही तेच. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून ते हाडांत साठवलं जातं, आणि लहान मुलांच्या पोटातून ते मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं. वास नाही, चव नाही, ताप येत नाही. मूल फक्त शाळेत मागे पडत जातं आणि आपण त्यालाच ओरडत राहतो.

1983 पासून ही जागा सरकारच्या सफाईच्या यादीत आहे. मग कळलं की खालून पोखरल्यामुळे जमीनही खचू शकते, म्हणून सरकारने घरं मोठ्या प्रमाणावर विकत घेतली, 10 मे 2008 ला टोर्नेडोने उरलंसुरलं नेलं, सहा माणसं गेली, 2009 मध्ये गावाचा कारभारच संपला. आता क्वापॉ लोक स्वतः ट्रक लावून ती खडी उचलतायत, अजून वर्षानुवर्षं चालेल ते काम.

धाकटीचा रिपोर्ट नॉर्मल आला, शिसं 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. तरी परत आल्यावर आम्ही बूट दाराबाहेर धुतले, कोरडा झाडू बंद केला, आता फरशी रोज ओल्या फडक्याने पुसते. ड्राइव्हवेवर खडी आहेच आमच्या. घरमालकाला फोन केला तर म्हणाला, आधीच्या मालकाने टाकलेली आहे, विचारून सांगतो. आज नववा दिवस, उद्या परत फोन करणारे.