सकाय या, ताई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद येणार, म्हणून तिच्यासाठी जॉर्जेटचा कुर्ता शिवायला घेतला. कटिंग, गळा, बाह्या दोन दुपारीत उरकलं. अडलं ते इंटरलॉकला.

जॉर्जेटच्या दशा, म्हणजे कापलेल्या कडेचे धागे, नुसत्या हात लावला तरी सुटतात. घरच्या साध्या मशीनवर फक्त सरळ टीप बसते. इंटरलॉकचं मशीन कड कापत जातं आणि लगेच तिच्यावर दोरे गुंडाळतं, त्यामुळे बाजारातल्या पिको-फॉलवाल्याकडे जाणं आलंच. दहा मिनिटांचं काम! पण तो म्हणाला, "सकाय या, ताई."

अहिराणीत सकाय म्हणजे उद्या. त्याच्या दुकानात मात्र त्याचा अर्थ 'कधीच नाही'. पहिल्या दिवशी लाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी रंगाचा दोरा नव्हता. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग. जळगावच्या वैशाखात डोक्यावर पदर घेऊन चौथ्यांदा गेले, तर पिशवीला मी मारलेली गाठ जशीच्या तशी! पिशवी उचलली आणि तडक घरी आले. आखाजी परवावर आली होती.

मग सगळ्या बाजू उसवल्या आणि फ्रेंच सीम, म्हणजे दशा आत लपवणारी दुहेरी शिवण, घातली. आपण बाजूला दीड इंच माया (टिपेबाहेरचं जास्तीचं कापड) सोडतो, ती कापून अर्धा इंच ठेवताना हात थरथरला. पुढे कुर्ता सैल करायची सोय संपली. नणंदेला तेवढं आधी विचारून घ्या. उलट बाजू एकमेकींवर ठेवायच्या आणि कडेपासून पाव इंचावर टीप मारायची. त्यातली निम्मी माया कापायची, कापड उलटवायचं, इस्त्री फिरवायची आणि आता सुलट बाजू आत घेऊन पुन्हा पाव इंचावर टीप. दशा दोन टिपांच्या मध्ये कोंडल्या जातात. मी सवयीने पहिलीच टीप सुलटवर सुलट ठेवून मारली, ती तासभर उसवत बसले.

हो, आणि सुई ११ नंबरची लावा. १६ नंबरने माझी पहिली बाही चुण्या पडून ओढली गेली होती. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतो तिथल्या, गोलाईवर फ्रेंच सीम नीट बसत नाही, तिथे त्याच कापडाची क्रॉस (तिरकी कापलेली) पट्टी लावली. जाड कापडाला तर हा उद्योग नकोच, गाठोडं होतं.

नणंदेने कुर्ता उलटा करून बघितला आणि विचारलं, "वहिनी, इंटरलॉक कुठे केलं?"

दुकानदाराचा फोन काल आला. मीही म्हटलं, सकाय येते.