केपी नंतर, आधी बीझेड

ध्रुवप्रकाशाचा अंदाज घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची नजर थेट केपीवर जाते. पण केपी हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवणारा, जगभरातल्या १३ वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेला तीन तासांचा आकडा. उपवादळ, म्हणजे ध्रुवप्रकाश एकदम पेटवणारी चुंबकीय उसळी, भडकतं ते काही मिनिटांत, आणि तास-दोन तासांत ओसरूनही जातं. केपी चढलेला दिसेपर्यंत आकाश कधीकधी विझलेलंही असतं.

म्हणून आधी बीझेड बघावं. सौरवाऱ्यासोबत (सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांसोबत) येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा हा उत्तर-दक्षिण घटक. तो ऋण झाला, म्हणजे दक्षिणेकडे वळला, की त्याच्या रेषा पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी जोडल्या जातात आणि ऊर्जेला आत शिरायला वाट मिळते. बीझेड धनच राहिलं, तर वारा सेकंदाला ७०० किमी वेगाने वाहत असला तरी फारसं काही हाती लागत नाही. क्षणभराच्या बुडीवर विसंबू नका. उणे १० नॅनोटेस्लाच्या खाली अर्धा तास टिकलं, तर मात्र कॅमेरा बाहेर काढा. बीझेडचा आलेख जीएसएम या अक्षपद्धतीतलाच हवा. जीएसई या दुसऱ्या पद्धतीत पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल धरलेला नसतो, त्यामुळे चिन्हसुद्धा फसवू शकतं.

हे मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर, एल-१ या समतोल बिंदूभोवती फिरतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४०० किमी असेल तर हाती सुमारे तासभर, ८०० असेल तर जेमतेम अर्धा तास. शिवाय यान सूर्य-पृथ्वी रेषेपासून बाजूला असतं, त्यामुळे त्याला लागलेला झोत जसाच्या तसा आपल्याकडे येईलच असं नाही.

खरी खात्री जमिनीवरचा मॅग्नेटोमीटर, म्हणजे तिथलं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, देतो. उत्तर नॉर्वे-स्वीडनमधल्या ट्रॉम्सो, आबिस्को, किरुना यांपैकी जवळचं केंद्र निवडा. मध्यरात्रीच्या सुमारास उत्तर घटक एकदम ५०० नॅनोटेस्लाने कोसळला, तर सुमारे १०० किमी उंचीवर पश्चिमेकडे वाहणारा विद्युतझोत जोरात आहे असं समजा. तो नेमका कुठे आहे हे उभ्या घटकातला (खालची दिशा धन धरून) नेहमीच्या पातळीपासूनचा बदल सांगतो: शून्याजवळ असेल तर झोत डोक्यावर, ऋण असेल तर उत्तरेला, धन असेल तर दक्षिणेला. आलेख वाचताना सगळ्यात उपयोगी पडणारी खूण हीच, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते.

वीजवाहिन्यांना मात्र घसरणीच्या खोलीपेक्षा तिचा वेग नडतो. क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल, तितकी जमिनीत आणि तारांत जास्त वीज प्रवर्तित होते. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्वेबेकचं वीजजाळं दीड मिनिटात कोलमडलं आणि सुमारे ९ तास अंधार राहिला.

रंगांवरून उंची कळते. हिरवा ५५७.७ नॅनोमीटरचा प्रकाश बहुतांशी १०० ते १५० किमीवरचा. उत्तेजित ऑक्सिजन अणू तो पाऊण सेकंदात सोडतो, म्हणून ध्रुवप्रकाशाच्या पडद्याची थरथर डोळ्यांना दिसते. लाल ६३०.० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सुमारे ११० सेकंद लागतात. खाली दाट हवेत तेवढ्या वेळात अणूची टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते, त्यामुळे लाल रंग २०० किमीच्या वरच टिकतो आणि कडा पुसट दिसतात. हिरव्या नाचऱ्या पडद्यासाठी एक्स्पोजर एक-दोन सेकंदांचं ठेवा. वरच्या लाल झाकेला १५ सेकंद दिलेत तरी ती फारशी बिघडत नाही.