वर्दी आणि खाऊ

खाणाऱ्याकडे बघत बसू नये, असं आमची आजी म्हणायची. पण वर्दीतला माणूस खाताना दिसला की माझी नजर हलत नाही. परवा दुपारी जेवण अंगावर आलं होतं, झोपही येईना, म्हणून मोबाइलवर जुनी चित्रं चाळत लोळलो होतो. तेवढ्यात जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं १७९७ सालचं एक चित्र पुढ्यात आलं.

लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावरचं केल्सीचं मिठाईचं दुकान. राजवाड्यावर पहाऱ्याला आलेले लष्करी अधिकारी तिथे जमलेत. एक ताडमाड शिडशिडीत साहेब गोडाधोडावर तुटून पडलाय. शेजारच्या उंच स्टुलावर अगदी पोरगेलासा अधिकारी. हातात खाऊचा पुडा, पाय अधांतरी. मी त्या पायांपाशीच अडकलो. तेव्हा इंग्लंडात लष्करातली अधिकारपदं विकत मिळायची. साध्या पायदळातलं सगळ्यात खालचं पद ४०० पौंडांच्या आसपास. हा बाजार १८७१ पर्यंत चालला. म्हणजे बापाकडे पैसा असला की पोराच्या कमरेला तलवार आलीच.

गंमत म्हणजे हॅना हंफ्री या प्रकाशिकाबाईंचं दुकानही त्याच रस्त्यावर होतं, आणि गिलरे राहायचा बाईंच्याच घरात. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, छापायचं, हाताने रंग भरायचे आणि दुकानाच्या काचेत लावायचं. ज्यांची टर उडवली, त्यांचा जायचा-यायचा रस्ता तोच!

आमच्या गावी गणपतीच्या बंदोबस्ताला एक फौजदार यायचे. त्यांच्या बुटांचा आवाज आला की आम्ही पोरं ओट्यावरून घरात. एकदा ते रसवंतीत बसलेले दिसले. टोपी बाकड्यावर उपडी, पट्टा एक भोक सैल केलेला, मिशीला उसाच्या रसाचा फेस. "आलं जरा जास्त टाक रे," म्हणाले. मग त्यांची भीती वाटेना. त्यांना याचा पत्ताही नसावा.

गिलरेला हे पक्कं माहीत असणार. टिपू सुलतानावर चालून गेलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने १७९१ साली टिपूच्या राजधानीहून, श्रीरंगपट्टणहून, माघार घेतली, त्यावरही त्याने चित्र काढलं, नाव दिलं पावसाळ्याचं. त्यात किल्ल्यावरून जी धार लागलीय ती आभाळातली नव्हे, एवढंच सांगतो. खरी गोष्ट अशी की फौजेला खायला धान्य नव्हतं, तोफा ओढायचे बैल मरत होते, जड तोफा साहेबाने स्वतःच फोडून टाकल्या. अशात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला. भाव अर्थातच चढे! उपाशी गोऱ्या साहेबांनी तिथे काय काय, किती घासाघीस करून घेतलं असेल, याचं चित्र मात्र कुणी काढलं नाही. आपल्याकडच्या एखाद्या चिताऱ्याला सुचायला हवं होतं.

एवढं हसून झाल्यावर गिलरेची माहिती वाचत बसलो. त्याचा बापही सैन्यातलाच, साधा शिपाई. १७४५ साली फाँतनॉयच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता.