कचरा डेपोचा विस्तार, विहिरीचं पाणी आणि घरपट्टीतलं शुल्क: हरकत नोंदवण्याचा अनुभव

नगरपालिकेचा कचरा डेपो आमच्या शिवाराला लागून आहे. गिरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा खडक. गावाची अर्धी वस्ती हद्दवाढीत नगरपालिकेत गेली आहे. डेपो वाढवण्याचा प्रस्ताव आला त्याच वर्षी घरपट्टीच्या बिलात कचऱ्याचं शुल्क चढलं आणि डेपोच्या उताराकडच्या दोन विहिरींना वास यायला लागला. आम्ही तिन्ही गोष्टींचा एकच अर्ज केला आणि तो वाया गेला. शुल्काचा विषय नगरपालिकेचा, पाण्याचा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि विस्ताराचा पर्यावरण मंजुरीचा. एकत्र अर्ज आला की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. नंतर तीन वेगळे अर्ज केले. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला, आणि मग कामाला गती आली.

आधी कागद मिळवावे लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, हे अनेकांना माहीत नसतं आणि अर्ज त्याच कारणावर परत येतो. आम्ही चार अर्ज टाकले: डेपोचं प्राधिकारपत्र म्हणजे तो चालवण्याची परवानगी (नमुना २), नगरपालिकेचा वार्षिक अहवाल (नमुना ४, जो तेव्हा ३० जूनपर्यंत द्यावा लागायचा), मागच्या तीन वर्षांचे भूजल तपासणीचे अहवाल, आणि वजनकाट्याच्या पावत्या. "डेपोची सगळी माहिती द्या" असं लिहिलं तर काहीच हाती येत नाही; नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष लिहिलं की टाळता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, 'जोडपत्र ब', फी वीस रुपये. आम्हाला भूजलाच्या अहवालासाठी अपील करावं लागलं. उत्तर आलं, "अहवाल उपलब्ध नाही". हाच कागद पुढे सर्वांत उपयोगी पडला, कारण डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं तिन्ही हंगामांत तपासणं घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार बंधनकारक होतं. आमच्या वेळी हेच नियम लागू होते आणि खालचे निकष त्यांतलेच आहेत.

विस्ताराला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मंजुरी लागते. त्यासाठीची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी. नोटीस निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, एका मराठी दैनिकातही. मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक संस्थेत पाहायला ठेवलेला असतो. मराठीत फक्त सारांश असतो आणि खरी गोष्ट इंग्रजी अहवालाच्या तक्त्यांत असते. त्यामुळे गावातले दोन बी.एस्सी. झालेले पोरं आणि भूजलाचं काम केलेले एक निवृत्त नाना, असे तिघं बसून आम्ही तक्ते वाचले. सगळ्यांनी पाचशे पानं वाचायची गरज नाही. पाण्याची पातळी, मातीची पारगम्यता (तिच्यातून पाणी किती झिरपतं), अंतरं आणि नमुने घेतल्याच्या तारखा एवढं पुरतं.

तारखेनेच सगळं उलगडलं. पाण्याची पातळी मे महिन्यात मोजलेली होती. पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी अशा प्रकल्पाला चालते, म्हणून मार्च ते मे घेणं बेकायदा नाही. पण नियम असा आहे की कचरा भरायच्या जागेच्या तळाशी घातलेल्या मातीच्या थराखाली भूजलाची सर्वांत वरची पातळी किमान २ मीटर खोल असली पाहिजे. खानदेशात मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात, सर्वांत वरची पातळी ऑक्टोबरच्या आसपास असते. अहवालात पाणी १३.५ मीटरवर दाखवलेलं, मातीच्या थराचा तळ जमिनीखाली ५ मीटरवर. म्हणजे पाणी ७ मीटरच्या खाली असलं की नियम पाळला जातो, आणि मे महिन्याच्या आकड्याने तो आरामात पाळला जात होता.

आम्ही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी घेतल्या. त्यांची मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी होते, त्यामुळे एकाच विहिरीचा मे आणि ऑक्टोबर शेजारी ठेवता येतो. फरक आठ मीटरहून जास्त होता. ही विहीर प्रकल्पाच्या जागेवरची नाही, असं अहवाल तयार करणारा प्रकल्पाचा सल्लागार म्हणणार हे उघड होतं. म्हणून आम्ही जागेभोवतीच्या सहा विहिरींची मोजणी स्वतः सुरू केली.

मोजणीत चुका कुठे होतात ते सांगतो. टेप किंवा दोरीने पातळी कठड्यापासून मोजली जाते. कठड्याची उंची वजा केली नाही तर पाऊण-एक मीटरचा फरक पडतो. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झालेला असताना मोजलेली पातळी खोटी असते. शेतीची वीज पाळीने येते, तेव्हा वीज नसलेल्या पाळीच्या शेवटी, पंप सुरू व्हायच्या आधी मोजायचं. विहिरी वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने टप्प्याटप्प्याने लेव्हल काढून सगळे आकडे एका खुणेशी जोडून घेतले. वहीत तारीख, वेळ, कठड्याची उंची, शेवटचा पंप कधी चालला, आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या.

अंतरांचंही तसंच. भरावाची, म्हणजे उरलेला कचरा पुरण्याची, जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, आणि महामार्ग, वस्ती, पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर दूर हवी. अहवालातली अंतरं जागेच्या मध्यबिंदूपासून होती. पंधरा-वीस एकरांच्या जागेत मध्य आणि कड यांत सव्वाशे-दीडशे मीटर सहज निघतात. भूमी अभिलेखातून गटाचा नकाशा घेऊन कडेपासून मोजलं तेव्हा एक विहीर २०० मीटरच्या आत आली. इथे एक अडचण आहे. नियमात शब्द 'पाणीपुरवठ्याची विहीर' आहे. सातबाऱ्यावर नुसती विहीर असली तर ती सिंचनाची धरली जाते. त्या विहिरीवरून सालदारांची चार घरं पाणी भरतात, असा ग्रामपंचायतीचा दाखला आणि पंचनामा जोडला, तेव्हाच तो मुद्दा टिकला.

पाण्याच्या नमुन्यांवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, त्यात क्षार, अमोनिया, सेंद्रिय घाण असते. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि कापसावरच्या फवारणीच्या बाटल्या ओल्या कचऱ्यात मिसळल्या असतील तर धातू आणि रसायनंही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात-हात भेगा पडतात. पहिल्या पावसात ते पाणी या भेगांतून थेट मुरमात उतरतं. पुढे माती फुगून भेगा मिटतात. म्हणून जून-जुलैचा नमुना चुकवायचा नाही.

आमचा पहिला अहवाल कामाचा ठरला नाही. त्यात नायट्रेट ४५ च्या वर आणि क्लोराइड २५० च्या वर (दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर) आलं होतं आणि आम्हाला वाटलं पुरावा मिळाला. पण आमच्याकडे केळीला युरिया आणि पोटॅश भरपूर पडतं. युरियातून नायट्रेट येतं, आणि बाजारातलं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यातून क्लोराइड. केळीच्या पट्ट्यात हे दोन आकडे एकटे काहीच सिद्ध करत नाहीत. डेपोचं पाणी ओळखायचं तर अमोनिया, सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप), लोह आणि मँगनीज सोबत वाढलेले दिसले पाहिजेत, आणि डेपोच्या चढाकडच्या, पण तशाच केळीतल्या, विहिरीत ते दिसता कामा नयेत. म्हणून दुसऱ्या वेळी उताराकडच्या तीन आणि चढाकडच्या दोन विहिरी, असे पाच नमुने एकाच दिवशी घेतले.

पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच बाटली भरायची. धातूंसाठी प्रयोगशाळेने दिलेली नायट्रिक आम्ल घातलेली प्लॅस्टिकची बाटली. ती विसळायची नाही, नाहीतर आम्ल वाहून जातं. सीओडी आणि अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल असतं, तीही तशीच भरायची. बाकीच्या बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या. बीओडीची (जंतूंना घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाची) बाटली काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. पाणी गढूळ असेल तर गाळातलं लोह आणि शिसं मोजलं जातं आणि आकडा फुगतो. समोरचा सल्लागार नेमकं तिथेच पकडतो. विरघळलेले धातू हवे असतील तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून घ्यावं. सगळं बर्फाच्या पेटीत, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत. पहाटे नमुने काढले की नाशिकला दुपारपर्यंत पोचता येतं. प्रत्येक बाटलीवर गट क्रमांक, वेळ, सही. सोबत सरपंच आणि दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि मान्यता त्या-त्या घटकासाठी आहे का तेही विचारावं. आणखी एक प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचा: शिसं किती कमी प्रमाणापर्यंत मोजता? घनकचरा नियमांच्या तक्त्यात शिशाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे, पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ती ०.०१ आहे. यंत्र ०.०५ च्या खाली मोजत नसेल तर अहवालात "आढळले नाही" येतं, आणि पाणी पिण्याच्या मर्यादेच्या चौपट असूनही स्वच्छ दिसतं.

रात्री कारखान्याचा गाळ किंवा गोण्या डेपोत टाकल्या जात असतील तर हात लावू नये, नमुनाही स्वतः घेऊ नये. गाडीचा क्रमांक, वेळ दिसेल असा फोटो काढून मंडळाच्या जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लगेच लेखी कळवावं. घातक कचरा नगरपालिकेच्या डेपोत चालतच नाही. तो नमुना १० च्या वाहतूक पावतीसह रांजणगाव, तळोजा, बुटीबोरीसारख्या ठिकाणी जावा लागतो. गाडीवाल्याकडे ती पावती आहे का, एवढाच प्रश्न पुरतो.

सुनावणीच्या आधी हरकती लेखी देऊन पोच घेतली. प्रत्येक हरकतीत अहवालाचं पान, तक्ता क्रमांक, आमचा आकडा आणि मागणी. सुनावणीत आबा-काकूंनी अहिराणीत सांगितलं, "हीरनं पानी कायं व्हई गयं", म्हणजे विहिरीचं पाणी काळं झालं. टिपून घेणाऱ्याने "पाण्याबाबत नाराजी" एवढंच लिहिलं. इतिवृत्त त्याच दिवशी स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं, म्हणून कोणी उठून गेलं नाही. वाचन झालं तेव्हा गट क्रमांकासह वाक्य दुरुस्त करून घेतलं. चित्रीकरण सक्तीचं असतं. त्याची प्रत मागण्याचा अर्ज तिथेच दिला. मंजुरी निघाली तर हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपिलाला तीस दिवस असतात, योग्य कारण असेल तर आणखी साठ. त्यामुळे मंजुरी निघाली का ते दर आठवड्याला पाहत राहिलो.

शुल्काचं थोडक्यात सांगतो. कचरा करणाऱ्याने शुल्क द्यावं असं नियमातच आहे, त्यामुळे "शुल्क रद्द करा" ही मागणी टिकत नाही. नगरपालिकेचे उपविधी (तिचे स्वतःचे नियम) मंजूर आहेत का, सभेच्या ठरावात दर कोणत्या तारखेपासून लागू आहे, आणि घराचा वर्ग कोणता धरला, हे विचारावं. आमच्याकडे ओट्यावर पिठाची गिरणी असलेल्या घरांना घर आणि दुकान असं दोनदा लावलं होतं, आणि ठरावाच्या आधीचे महिनेही धरले होते. दोन्ही दुरुस्त झालं. तोवर घरपट्टी थांबवायची नाही, थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते. "हक्क राखून भरणा" असं पत्र जोडून भरावी.

वजनकाट्याच्या पावत्यांचा उपयोग इथेही झाला. माणशी ३५० ग्रॅम धरले तर लाखाच्या वस्तीचा कचरा दिवसाला ३५ टन होतो. ओला आणि सुका वेगळा करून मागे पाचवा भाग उरला तर भरावाला ७ टन पुरतात, आणि नियमानुसार भरावात तेवढंच, म्हणजे कुजत नाही आणि परत वापरता येत नाही असंच जायला हवं. काट्यावर मात्र जवळजवळ सगळा कचरा थेट डेपोत गेलेला दिसत होता. वर्गीकरण झालं आणि जुना ढीग चाळून जागा मोकळी केली तर नवी जमीन किती लागेल, हा प्रश्न आम्ही हरकतीत आकड्यासह विचारला.

राज्याच्या तज्ज्ञ समितीने प्रकल्पाकडून पावसाळ्यानंतरची भूजल पातळी आणि कडेपासूनची अंतरं नव्याने मागवली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सल्लागाराचे लोक आले, आमची वही घेऊन आम्हीही सोबत गेलो. जागेच्या पूर्व कडेच्या विहिरीत टेप सोडली, कठड्याची उंची वजा केली, आणि पाणी जमिनीखाली ४.६ मीटरवर निघालं. ठरवलेला तळ ५ मीटरवर होता. त्या आकड्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या.